मूल वर्गात येऊन बसलं, शिक्षकाची तयारी कुठे आहे?

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य
तसेच राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद आणि भारतीय पुनर्वास परिषद, नवी दिल्ली

विषय : सर्वसाधारण आणि विशेष शिक्षणाच्या प्रशिक्षणातली फाळणी संपवण्याबाबत

महोदय, महोदया,

एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा अध्यापक शिक्षण परिषदेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला, तेव्हापासून आमच्या क्षेत्रात बोलणं चाललं आहे ते कालावधीचं. एक वर्ष की दोन? बारावीनंतर चार वर्षं की पदवीनंतर एक? विद्यालयं टिकतील का, प्रवेश भरतील का? हे प्रश्न खरे आहेत, अनेकांच्या नोकऱ्या त्यांवर अवलंबून आहेत. पण ज्या प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे, तो या सगळ्या बैठकांत कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. या नव्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात एक कमी ऐकू येणारी मुलगी, एक स्वमग्न मुलगा आणि अक्षरं ओळखूनही शब्द वाचू न शकणारं एक मूल बसलेलं असेल. तो शिक्षक पहिल्या दिवशी काय करील?

आज तो काय करतो, ते मला माहीत आहे. मी आधी डी.एड. केलं. पुढे श्रवणदोष या शाखेत विशेष शिक्षणाचं बी.एड. केलं. बरीच वर्षं एका ग्रामीण तालुक्यात फिरती विशेष शिक्षिका म्हणून करारावर काम केलं आणि आता भावी शिक्षकांना शिकवते. एक पदविका, एक पदवी, दोन परिषदा (सर्वसाधारण शिक्षकांचं प्रशिक्षण पाहणारी अध्यापक शिक्षण परिषद आणि विशेष शिक्षकांचं पाहणारी पुनर्वास परिषद), दोन वेळा प्रवेश, दोन वेळा फी. एवढं करून ज्या मुलांसमोर उभी राहिले ती मुलं एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर बसत होती. डी.एड.ला मला चाळीस मुलांचा वर्ग कसा सांभाळायचा ते शिकवलं, पण त्यातल्या एकाला ऐकू येत नसेल तर काय, हे शिकवलं नाही. विशेष बी.एड.ला आठ-दहा मुलांच्या गटासोबत सराव झाला, श्रवणालेख, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, वाचता यायला लागला. तेच ज्ञान तिसरी-चौथी एकत्र बसणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत कसं वापरायचं, ते मात्र तिथेही कुणी दाखवलं नाही. दोन्ही ठिकाणचे माझे शिक्षक चांगले होते. अभ्यासक्रमच दोन बेटांसारखे आखलेले होते.

कायद्यानं आपलं काम बऱ्यापैकी केलं आहे, हे आधी नोंदवते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं त्यात स्पष्टपणे आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला, एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ३१ नं ठरावीक टक्केवारीचं दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. कलम १६ नं शाळांवर समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत शिकवण्याची, जबाबदारी टाकली. कलम १७ मध्ये शासनानं काय करायचं ते लिहिलं आहे : दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण, सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणाऱ्या शिक्षकांची नेमणूक, बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, आणि प्रत्येक स्तरावर समावेशित शिक्षणाला आधार देईल असं प्रशिक्षित मनुष्यबळ. कलम ४७ सांगतं की शिक्षकांच्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्व हा विषय असलाच पाहिजे.

या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सात होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्या मोजणीत आठच प्रकार होते आणि अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीचा, रकाना त्यांत नव्हता. म्हणजे वर्गात सर्वाधिक आढळणाऱ्या अडचणींपैकी एक त्या आकड्यात धरलेलीच नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार अर्ध्या पेपरची. अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्याच्या अभ्यासक्रम चौकटीत ‘समावेशक शाळेची निर्मिती’ हा विषय आला. तो आला याचा मला आनंद झाला होता. पण तो आला अर्ध्या पेपरच्या रूपात, आणि शिकवला जातो व्याख्यांच्या रूपात. समावेशन म्हणजे काय, एकात्म शिक्षण आणि समावेशित शिक्षण यांत फरक काय, समावेशित शिक्षणावरची सालामांका परिषद कधी झाली (१९९४). विद्यार्थी हे पाठ करतात, चांगले गुण मिळवतात. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेतही १५० पैकी पाच प्रश्न या विषयाला राखलेले आहेत, तेही पर्याय निवडण्याचे. याच बी.एड.मध्ये वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, आहे. त्या वीस आठवड्यांत एकदा तरी दिव्यांग मुलासोबत शिकवलंच पाहिजे, अशी अट माझ्या पाहण्यात नाही. पाठ बघायला जाते तेव्हा हातातल्या निरीक्षण तक्त्यात प्रस्तावना असते, हेतुकथन असतं, फलकलेखन असतं, प्रश्नकौशल्य असतं. या पाठात कोणतं मूल बाहेर राहिलं, आणि त्याला आत घेण्यासाठी छात्राध्यापकानं काय केलं, असा रकाना नसतो. ज्याला गुण नाहीत त्याचा सराव होत नाही, हे शिक्षकाच्या जातीला मी वेगळं सांगायला नको.

दुसरी तक्रार मला सर्वांत जास्त खुपते. अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार विशेष शिक्षणाची डी.एड. पदविका किंवा बी.एड. पदवी असलेला उमेदवार प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून लागला, तर त्याला नेमणुकीनंतर प्राथमिक शिक्षणाचा सहा महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अट योग्य आहे. विशेष शिक्षकाला सर्वसाधारण वर्ग कळलाच पाहिजे. पण मग उलट बाजूनं काय? सर्वसाधारण डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) किंवा बी.एड. केलेल्या शिक्षकाच्या वर्गात कायद्यानं दिव्यांग मूल येऊन बसतं, तेव्हा त्याच्यासाठी सहा महिन्यांची सोडा, सहा आठवड्यांची अटही नाही. या दिशेनं जाणाऱ्याला पूल बांधून दिला, त्या दिशेनं येणाऱ्याला पाण्यात उतर म्हणून सांगितलं. ही अट लिहिणाऱ्यांना दोन्ही वर्ग वेगळे आहेत हे समजलं होतं, आणि तरी एकाच बाजूच्या शिक्षकाला तयार करावंसं वाटलं, याचा खुलासा मला हवा आहे.

तिसरी तक्रार फिरत्या विशेष शिक्षकांची, म्हणजे माझ्या जुन्या सहकाऱ्यांची. विशेष बी.एड.मध्ये एका प्रकारात विशेषीकरण असतं. माझं श्रवणदोषाचं, कुणाचं दृष्टिदोषाचं, कुणाचं बौद्धिक अक्षमतेचं. तालुक्यात पाऊल टाकलं की ते विशेषीकरण संपतं. सकाळी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरी, दुपारी अंशतः अंध मुलीच्या शाळेत, मध्ये कुठे तरी साधनांसाठीच्या मोजमाप शिबिराच्या याद्या, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीचे रकाने, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पालकांसोबत फेरी. ज्या मुलाला सांकेतिक भाषा हवी त्याच्या वाट्याला ब्रेल शिकलेल्या बाई येतात आणि ब्रेल हवं असणाऱ्याच्या वाट्याला माझ्यासारखी. पुनर्वास परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची, त्यासाठी सीआरईचे, म्हणजे सेवेत असताना घ्यायच्या प्रशिक्षणांचे, गुण जमवायचे, ते सगळं स्वतःच्या खर्चानं. आमच्या ऑर्डरी काही महिन्यांच्या असत. ऑर्डर संपून नवी निघेपर्यंत ज्या मुलाला नुकती ‘प’ची ओळख झाली आहे त्याचं काय होतं, हे विचारायला कुणी येत नसे.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं केंद्रस्तरावर (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. या निर्णयासाठी माझ्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, निवेदनं दिली. त्याचं मनापासून स्वागत. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात, कुठे त्याहून जास्त. केंद्राला एक विशेष शिक्षक म्हटलं तर एका शाळेच्या वाट्याला तो पंधरा दिवसांतून एकदा येणार. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये ते अधिसूचित केलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना पदं निश्चित करून भरा असं सांगावं लागलं. ही पदं भरलीच पाहिजेत. आणि ती सगळी भरली तरी उरलेल्या दिवसांत ते मूल ज्याच्यासमोर बसतं तो वर्गशिक्षकच असतो.

त्या वर्गशिक्षकाला काय यायला हवं, यावर जरा थांबते, कारण गैरसमज इथेच आहे. प्रत्येक गुरुजींनी ब्रेल शिकावं, प्रत्येक बाईंनी वाचा-उपचारतज्ज्ञ व्हावं, असं माझं म्हणणं नाही. तज्ज्ञाचं काम तज्ज्ञच करील. वर्गशिक्षकाला यायला हव्यात त्या गोष्टी अगदी साध्या आहेत, पण त्या कुणी दाखवल्याशिवाय सुचत नाहीत.

श्रवणयंत्र लावलं म्हणजे मुलाला चष्मा लावल्यासारखं लख्ख ऐकू येतं, असं बहुतेकांना वाटतं. ते यंत्र आवाज मोठा करतं, बाकडं सरकल्याचा, पत्र्यावरच्या पावसाचा, शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचा, सगळाच. म्हणून त्या मुलाला भिंतीच्या, रस्त्याच्या, गोंगाटाच्या बाजूपासून दूर आणि शिक्षकाच्या जवळ बसवायचं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण मूल ओठ वाचत असतं. मूल वाढतं तसा कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारतं, मग मूल ते काढून दप्तरात ठेवतं. बॅटरी संपली की आठवडेच्या आठवडे ते दप्तरातच राहतं. ‘ही मुद्दाम लक्ष देत नाही’ असा शेरा मी ज्या मुलींच्या प्रगतिपुस्तकात वाचला, त्यांतल्या किती जणींची बॅटरी संपलेली होती!

अंशतः अंध मुलासाठी ठळक रेघांची वही, मोठ्या अक्षरांची प्रत, उजेड पाठीमागून येईल अशी जागा, नव्यानं रंगवलेला फळा. आणि शिक्षकाची एक सवय : फळ्यावर लिहिताना ते मोठ्यानं वाचणं. ‘ही संख्या इथून उचलली आणि तिथे ठेवली’ हे वाक्य न दिसणाऱ्या मुलाला काहीच सांगत नाही. ‘दशकाच्या घरातले तीन एककाच्या घरात नेले’ हे सांगतं, आणि बाकीच्या मुलांनाही जास्त चांगलं सांगतं.

फिट येणाऱ्या मुलाच्या नाकाला अजूनही चप्पल लावतात, कांदा हुंगवतात. शाळेतसुद्धा. त्याला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठायचा. हे शिकायला किती वेळ लागतो? एक तास. हा तास सर्व अध्यापक विद्यालयांत सक्तीचा का नाही?

अध्ययन अक्षमतेबद्दल तर मराठी शाळेत फार काही करता येण्यासारखं आहे. तोंडी विचारलं तर धडा घडाघडा सांगणारं मूल वहीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल करतं. वेलांटी गाळतं, रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा ते चुकतं, जोडाक्षर आलं की अडून बसतं. आकड्यांत तर आपली भाषाच त्याची परीक्षा घेते. आपण ‘त्रेपन्न’ म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. ज्या मुलाला क्रमाचीच अडचण आहे ते ३५ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’सोबत ‘वीस तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा राज्यभर तिची टर उडवली गेली, विधानसभेपर्यंत विषय गेला. मला तेव्हा माझ्या तालुक्यातली काही मुलं डोळ्यांसमोर येत होती, ज्यांना ही एक पायरी मिळाली असती तर गणिताच्या तासाची भीती गेली असती. शिक्षकांना या अडचणीची ओळख अध्यापक विद्यालयातच झाली असती, तर तेच त्या पद्धतीच्या बाजूनं उभे राहिले असते.

अशा मुलाला दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, भाषेतल्या सवलती मिळतात. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी त्याची तपासणी होते, पुण्या-नागपुरात होऊ शकते. पण तपासणीला पाठवायचं तर आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि ते लक्षात येण्याची जागा म्हणजे दुसरी-तिसरीचा वर्ग. शहरातल्या इंग्रजी शाळेत समुपदेशक असतो, पालकांना वाचून माहिती असते. गावातल्या मुलाकडे फक्त वर्गशिक्षक असतो. त्याला काही सांगितलेलं नसेल तर ते मूल आठवीपर्यंत ढकललं जातं आणि नववीत शाळा सोडतं. त्याच्या दाखल्यावर कुठेही दिव्यांगत्वाचा उल्लेख येत नाही.

चौथी तक्रार सेवांतर्गत प्रशिक्षणाची. २०१९ पासून ‘निष्ठा’ या शिक्षकांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची प्रशिक्षणं झाली, त्यांत समावेशित शिक्षणाचा भाग आहे. दीक्षा ॲपवर मॉड्यूल आहेत. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप आलं आहे, त्यातून शिक्षक प्राथमिक चाळणी करू शकतो. ही साधनं वाईट नाहीत. पण प्रत्यक्षात व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक येते, ‘आज सायंकाळपर्यंत शंभर टक्के पूर्ण करा’ असा निरोप येतो, व्हिडिओ एकीकडे चालू राहतो आणि शिक्षक दुसरीकडे पोषण आहाराची नोंद भरत असतो. शेवटी प्रमाणपत्र येतं. शिक्षकांना दोष देणार नाही. कानातल्या यंत्राची बॅटरी बदलणं व्हिडिओ बघून येत नाही, ते यंत्र हातात घ्यावं लागतं. चाळणीत मूल सापडल्यावर पुढे काय करायचं हे ठाऊक नसेल, तर चाळणी म्हणजे आणखी एक यादी.

पाचवी तक्रार आपल्या दोन्ही विभागांची एकत्र. विशेष शाळा आज दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करून महाराष्ट्रानं देशात पुढाकार घेतला, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र त्यामुळे एक भिंत अधिक पक्की होऊ नये. जिल्ह्याच्या गावी कर्णबधिर विद्यालयात वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या शिक्षिका असतात. त्यांच्या हातात जे कौशल्य आहे ते कुठल्याही मॉड्यूलमध्ये नाही. त्याच गावात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था असते, अध्यापक विद्यालय असतं. या तीन इमारतींमध्ये कधी कधी एक-दोन किलोमीटरचं अंतर असतं, आणि तिथले छात्राध्यापक दोन वर्षांत एकदाही त्या विद्यालयाच्या वर्गात जाऊन बसत नाहीत. गेलेच तर एक दिवसाची ‘भेट’, फोटो, अहवाल. विशेष शाळेतल्या शिक्षकांनाही शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत काय चाललं आहे हे बघण्याची सोय नाही. त्यामुळे विशेष शाळेतून पाचवीनंतर बाहेर पडलेलं मूल सर्वसाधारण शाळेत येतं तेव्हा त्याला पोहोचवायला कुणी येत नाही आणि घ्यायलाही कुणी नसतं.

यावर मला नेहमी ऐकायला मिळणारं एक उत्तर आहे : शिक्षकांवर आधीच किती कामं आहेत, आणखी ओझं कशाला? ही कामं किती आहेत हे मी जवळून पाहिलं आहे. सर्वेक्षणं, निवडणुका, ऑनलाइन माहिती, सगळं. पण आज ओझं आहे ते न येण्याचं. चौथीच्या वर्गात स्वमग्न मुलगा परिपाठाच्या लाउडस्पीकरनं कानांवर हात ठेवून किंचाळतो, वर्गाबाहेर पळतो, आणि बाईंना त्याचं कारण माहीत नसतं, तेव्हा त्यांचा अख्खा दिवस जातो. त्याला परिपाठाच्या वेळी मागे, आवाजापासून दूर उभं करायचं, दिवसाचं वेळापत्रक चित्रांत भिंतीवर लावायचं, काही बदल होणार असेल तर आधी सांगायचं, हे माहीत असलेल्या बाईंचा दिवस वाचतो. प्रशिक्षण म्हणजे ओझं कमी करणं आहे, असा माझा अनुभव आहे. तालुक्यातले शिक्षक मला हाक मारून थांबवत, ‘मॅडम, या पोराचं काय करू तेवढं सांगून जा’ म्हणत. शिकायला नाही म्हणणारा शिक्षक मला क्वचितच भेटला.

दुसरं उत्तर असतं, विशेष मुलांसाठी विशेष शाळा आहेतच की. आहेत, आणि राहायला हव्यात. बहुविकलांग मुलांना, सांकेतिक भाषेतच शिकण्याचा हक्क असलेल्या कर्णबधिर मुलांना त्यांची गरज आहे. कायद्यानं निवड मुलाच्या आणि पालकांच्या हाती दिली आहे. पण शेजारच्या शाळेतले शिक्षक तयार नसल्यामुळे सहा वर्षांच्या मुलीला शंभर किलोमीटर दूर निवासी शाळेत ठेवावं लागत असेल, तर ती निवड म्हणता येणार नाही.

हे सगळं शासनाला माहीत नाही असंही नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की विशिष्ट दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमतेसह, असलेल्या मुलांना कसं शिकवायचं हे ज्ञान सर्व शिक्षक-शिक्षण कार्यक्रमांचा अविभाज्य भाग असेल. परिच्छेद ५.२१ मध्ये अध्यापक शिक्षण परिषद आणि पुनर्वास परिषद यांच्या अभ्यासक्रमांत अधिक समन्वय साधण्याचं, विषयही शिकवू शकतील असे विशेष शिक्षक घडवण्याचं आश्वासन आहे. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ मध्ये ५७ संस्थांत सुरू झाला. एक वर्षाच्या बी.एड.ची आखणी पुढे आहे. दोन वर्षांत अर्धा पेपर होता, एका वर्षात तो पाव होईल, ही माझी भीती आहे. अभ्यासक्रम दहा-पंधरा वर्षांतून एकदा लिहिले जातात. ही संधी गेली तर आज पहिलीत बसलेली मुलं कॉलेजात जातील तरी काही बदलणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या, सरळ शब्दांत.

डी.एल.एड., बी.एड. आणि एकात्मिक अशा प्रत्येक अभ्यासक्रमात समावेशित अध्यापन हा पूर्ण विषय असावा, आणि त्याचे किमान निम्मे गुण प्रात्यक्षिकाला असावेत. आंतरवासितेतले किमान चार आठवडे विशेष शाळेत, किंवा विशेष शिक्षक असलेल्या सर्वसाधारण वर्गात, त्याच्या सोबतीनं शिकवण्यासाठी राखून ठेवावेत. पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात दिव्यांग मुलासाठी केलेल्या बदलाचा रकाना गुणांसह यावा. ही शेवटची गोष्ट करायला निधी लागत नाही, एक परिपत्रक पुरेसं आहे.

विशेष शिक्षकाला लागू असलेली सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाची पद्धत सर्वसाधारण शिक्षकालाही उलट बाजूनं लागू करावी. त्यासाठी तीन वर्षांची मुदत द्यावी, सुट्टीतले दिवस धरू नयेत, हे प्रशिक्षण पूर्ण पगारी आणि प्रत्यक्ष हातानं शिकवणारं असावं. सुरुवात ज्या शाळांत आज दिव्यांग मुलं पटावर आहेत त्या शाळांपासून करावी.

दोन्ही परिषदांनी मिळून दुहेरी पात्रतेचा एक अभ्यासक्रम मान्य करावा. तो पूर्ण करणाऱ्याला सर्वसाधारण वर्गातही नेमणूक मिळावी आणि पुनर्वास परिषदेत नोंदणीही. आज हे हवं असेल तर दोन वेगळ्या पदव्या घ्याव्या लागतात. गरीब घरातल्या मुलीला ते परवडत नाही, आणि आपल्याला नेमक्या त्याच मुली खेड्यातल्या शाळांत शिक्षिका म्हणून हव्या आहेत.

केंद्रस्तरावरची ४,८६० पदं पूर्ण भरावीत. करारावर वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा अनुभव त्यात धरावा. त्यांना एकाच प्रकारापुरतं न ठेवता इतर प्रकारांचं अल्पकालीन प्रशिक्षण द्यावं, आणि वर्गशिक्षकासोबत एकत्र शिकवण्याचे तास त्यांच्या वेळापत्रकात लिहून द्यावेत. नाही तर नवी पदंही याद्या आणि शिबिरांतच संपतील.

दोन्ही विभागांनी प्रत्येक जिल्ह्यात एक विशेष शाळा आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांची जोडी बांधून द्यावी. विशेष शाळेतल्या अनुभवी शिक्षकांना अध्यापक विद्यालयात मानधन देऊन शिकवायला बोलवावं. सेवांतर्गत प्रशिक्षणांत दिव्यांग व्यक्तींना, विशेषतः दिव्यांग शिक्षकांना, प्रशिक्षक म्हणून जागा द्यावी. कायद्यातही दिव्यांग शिक्षकांचा उल्लेख आहे.

आणि कलम १७ मधलं शाळकरी मुलांचं सर्वेक्षण. पहिलं कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत व्हायला हवं होतं. महाराष्ट्रात ते कधी झालं, त्यात किती मुलं सापडली, त्यांच्यापैकी किती जणांच्या वर्गशिक्षकांना काही प्रशिक्षण मिळालं, हे जिल्हावार जाहीर करावं.

या प्रत्येक मागणीवर ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘या तारखेपर्यंत’ असं लेखी आणि जाहीर उत्तर पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी मिळावं, ही विनंती. ज्या बैठकीत नव्या अभ्यासक्रमांचा आराखडा ठरेल तिथे एक वर्गशिक्षक, एक विशेष शिक्षक आणि दिव्यांग मुलाची एक आई किंवा वडील बसलेले असावेत. बोलावलंत तर मी माझ्याकडची पाठटाचणं, निरीक्षण तक्त्याचा सुधारित नमुना आणि चार आठवड्यांच्या आंतरवासितेची आखणी घेऊन येईन. ती तयार आहे.

आपली,
एक शिक्षक-प्रशिक्षक आणि पूर्वाश्रमीची फिरती विशेष शिक्षिका